दुसरा दाखला

शब्दकोशाच्या कचेरीत एक नियम होता. एका दाखल्यावर विश्वास ठेवायचा नाही. इंग्रजी शब्द लॅटिनमधल्या कुठल्या शब्दावरून आला, मुळात त्याचा अर्थ काय, हे कितीही पटलं तरी दोन स्वतंत्र दाखले मिळेपर्यंत कार्ड पुढे सरकायचं नाही. कोशकारांनी हा नियम तीस वर्षं पाळला आणि त्यांची कार्डं तपासणारी त्यांची बायको, कचेरीतल्या सगळ्यांच्या 'बाई', तर त्यांच्याहून खमकी. 'मसल', म्हणजे स्नायू, मुळात लॅटिनमधला छोटा उंदीर, हे कार्ड तिने चार वेळा परत पाठवलं होतं. "आधी उंदीर पकडून आणा," म्हणायची.

मागच्या हिवाळ्यात एका मंगळवारी ते चहा गाळत होते. ती ओट्याला टेकून म्हणाली, "अहो, पोटात दुखतंय. नेहमीसारखं नाही."

"एकच दाखला?" ते मान वर न करता म्हणाले. "दुसरा येऊ दे, मग बघू."

ती खळखळून हसली. आणि मग त्या वेडीने खरंच वाट पाहिली. मधे दुखलं नसेल असं नाही, पण तेच ते दुखणं नवा दाखला म्हणून धरणं तिच्या शिस्तीत बसलं नसावं. चार महिन्यांनी रक्ताची उलटी झाली.

"इतके दिवस काय करत होतात?" डॉक्टर कोशकारांवर खेकसले. डॉक्टर म्हणजे मुळात शिकवणारा, म्हणून ती त्यांना मास्तर म्हणायची. "मास्तर, यांना नका रागावू," ती म्हणाली. "यांच्यामागे कामं फार." कोशकारांना धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

घरी आल्यावर तिने कार्डं मागितली. रोज सकाळी ते बुटांच्या खोक्यातून वीसेक कार्डं आणून तिच्या उशाशी बसत. माफीचं एक वाक्य रोज ओठांवर येई आणि रोज ते गिळून टाकत. एकदा धीर करून म्हणाले, "अगं, त्या मंगळवारी मी..."

"दुसरं पेन द्या," ती म्हणाली. "याची शाई संपलीय."

ती गेली. दोन आठवड्यांनी त्यांनी खोकं उघडलं. सगळ्यात वर 'पेशंट'चं कार्ड होतं. मूळ लॅटिन, अर्थ सोसणारा, एवढं त्यांनीच लिहिलं होतं. दाखल्यांसाठी ग्रंथालयात जायचा जीव होत नव्हता म्हणून ती जागा रिकामी सोडली होती. तिथे आता तिचं थरथरतं अक्षर होतं.

"पहिला: मी, मंगळवारी, ओट्यापाशी. दुसरा: हे, रोज सकाळी, माझ्या उशाशी, वाक्य गिळताना. दोन्ही दाखले स्वतंत्र. मंजूर."

खाली तिची सही. शेजारी त्यांच्या सहीची जागा मोकळी. पेन हातात धरून ते लहान मुलासारखे हमसून हमसून रडले.

दुपारी कचेरीतून संपादकांचा फोन आला. "'पेशंट' झालं का हो?"

"नाही," कोशकार म्हणाले. "बाईंनी परत पाठवलंय."

तीस वर्षांत एखाद्या कार्डाबद्दल त्यांनी मारलेली ही पहिलीच थाप. फोन ठेवून त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि कार्ड तिच्या उशीखाली ठेवलं.