हिरवा पडदा सरकणार नाही

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. नाटकाचा नव्हे, माझ्यापुढे कुणी टाळ्या वाजवत नाही. छोट्या दवाखान्याच्या तपासणीच्या खोलीत खाटेशी उभा असतो ना, तो. तीन भागांचा, लोखंडी चौकटीचा, हिरव्या कापडाचा. माझं एक चाक अडकतं, म्हणून ढकललं की मी कुरकुरतो. म्हातारपणी तेवढा हक्क असतोच.

माझी चौकट एका वेल्डरनं मोडक्या खाटेच्या नळ्यांतून जोडली. कापड शिवलं कोपऱ्यावरच्या शिवणारीनं. तेव्हा ती नवी नवरी होती. तिनं खालची पट्टी दुहेरी दुमडली आणि मला जमिनीपासून चारच बोटं वर ठेवलं. चपला दिसल्या की बायका लगेच ओळखतात कोण आलंय, असं तिचं म्हणणं.

इथल्या सिस्टर केस पिकेपर्यंत इथंच राहिल्या. त्यांची एक पद्धत. बाईसोबत आलेल्यांना बाहेरच्या बाकावर बसवायचं, मला ओढायचं आणि हलक्या आवाजात म्हणायचं, "बाहेरच्यांचं ऐकलं. आता तुझं सांग." मूल ठेवायचं की गर्भपात करायचा, हे त्या तिच्याच तोंडून ऐकत. कुणाला मूल हवं असायचं नि घरच्यांना नको, कुणाचं उलटं. कित्येकींना हा प्रश्न जन्मात पहिल्यांदाच कुणी विचारलेला. त्या आधी नुसत्या माझ्याकडे बघत बसायच्या. मी काही बोलायचो नाही. माझं मत विचाराल तर, जिचं जळतं तिलाच कळतं, आणि ठरवायचंही तिनंच.

मग निवडणूक आली, आणि बायकांच्या पोटाचा प्रश्न पुरुषांच्या तोंडी आला. चौकातला कर्णा नेमका आमच्या खिडकीकडे तोंड करून बांधलेला. एक पक्ष म्हणे, आईपण पवित्र आहे. दुसरा म्हणे, आमच्या भगिनींना त्यांचे हक्क आम्ही देऊ. जणू ते यांच्याच खिशात होते. या दुसऱ्यांचा माणूस तर मंचावर बसवायला 'तशी एखादी बाई' मागायला आला होता. सिस्टरांनी त्याला दार दाखवलं. पहिल्या पक्षाच्या पुढाऱ्यांना सगळे भाऊ म्हणत. भाऊ सभेत म्हणाले, निवडून आलो की दवाखान्यांतले पडदे काढून टाकू. "लपवण्यासारखं काही नसेल तर पडदा हवा कशाला?"

टाळ्या पडल्या. माझ्या आयुष्यातल्या पहिल्या टाळ्या, त्याही माझ्या विरोधात.

त्याच दुपारी शिवणारी आली. आता दोन मुलांची आई, तिसरं राहिलेलं. सासू म्हणत होती ठेवायचं, नवरा म्हणत होता नको. "आमचं ठरलंय" एवढं मात्र दोघंही म्हणत होते. सिस्टरांनी दोघांना बाकावर बसवलं, मला ओढलं, प्रश्न विचारला. तिनं माझी खालची पट्टी हातात घेतली. उसवलीय, म्हणाली. बराच वेळ तो सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत राहिली. ती तोंड उघडणार, एवढ्यात भाऊ आले. भाषणानं घसा बसलेला, पुढची सभा तासाभरावर, जवळचा दवाखाना आमचाच. मागे पाच-सहा कार्यकर्ते मोबाइल उगारून. भाऊंना आधी घ्या म्हणत एकानं माझ्या चौकटीला हातच घातला.

मित्रांनो, तेव्हा माझं चाक अडकलं. ते नेहमीच अडकतं. पण त्या दिवशी मी अडकवलं, असं खुशाल समजा.

"आत बाई बोलतेय," सिस्टर म्हणाल्या. "तिचं होईपर्यंत बसा. सासूबाई, जरा सरकून घ्या."

भाऊ सासू आणि नवरा यांच्या मधे बसले. तिघांचंही ठरलेलं होतं, आणि तिघांनाही कुणी विचारत नव्हतं.

आत ती बोलली. आधी थांबत थांबत, शेवटचं वाक्य मात्र ठाम. सिस्टर म्हणाल्या, "बरं. तू म्हणतेस तसं."

मग भाऊंची पाळी. इंजेक्शन कमरेत घ्यावं लागेल, असं सांगून सिस्टरांनी मला भिंतीकडे ढकलून दिलं. दार उघडं, मोबाइल तयार. भाऊंचा हात पट्ट्यावरच थांबला. बसक्या आवाजात ते म्हणाले, "सिस्टर, पडदा."

"कशाला, भाऊ? लपवण्यासारखं काय आहे?"

कार्यकर्ते छताकडे बघू लागले. भाऊंनी नुसते हात जोडले. मग सिस्टरांनीच मला ओढलं आणि मी त्यांनाही झाकलं, बोटभर कापडाचीसुद्धा कंजुषी न करता. संध्याकाळच्या सभेत पडद्याचा विषय तेवढा निघाला नाही. बाकीचे सगळे निघाले.

शिवणारीनं काय ठरवलं? बाकावरच्यांनी तेच विचारलं, तुम्हीही विचाराल. मी सांगणार नाही. कर्ण्याला विचारा, त्याला सगळ्यांचं सगळं ठाऊक असतं.

माझ्या चाकाला तेल घाला, कापड धुवा, फाटलो तर शिवा. पण मला बाजूला सारू नका, आणि वाकून आत बघू नका.

महिन्याभरानं शिवणारी सुईदोरा घेऊन आली आणि माझी पट्टी पुन्हा दुहेरी शिवून गेली. हिरवा दोरा संपला होता म्हणून लाल लावला. ते टाके लांबूनही दिसतात. तेवढेच बघा.