वीतभर कापलेली नळी

मी रायफल बोलतेय, लेम्पीची. बंदुकीला काय कळतं म्हणणाऱ्यांनी इथूनच परत फिरावं.

मला घेतलं लेम्पीच्या नवऱ्यानं, तौनोनं. शिकारीत त्याची जागा दलदलीच्या काठावर. समोर सगळं उघडं. मूस, म्हणजे आमच्या थंड उत्तरेतलं घोड्याएवढं सांबर, निघायचा तो पार पलीकडच्या कडेनं. इतक्या लांब गोळी पोचायची तर वेग हवा, आणि वेग हवा तर नळी लांब हवी. म्हणून माझी नळी लांबलचक आणि गोळी हलकी, पळणारी. गावात माझ्यासारखी मीच, असं मला वाटायचं. वाटायचं कशाला, होतेच.

तौनो वारला. लेम्पीनं पळत्या मूसच्या चित्रावर नेम मारून परीक्षा दिली, मला आपल्या नावावर केलं आणि गावच्या शिकारी टोळीत जाऊन उभी राहिली. टोळीचा म्होरक्या ओइवा, तिचा धाकटा दीर. त्यानं तिला स्प्रूसच्या, म्हणजे सुईसारख्या पानांच्या झाडांच्या, दाट रोपांत उभं केलं. वारा लागणार नाही, म्हणाला.

इथल्या माणसांना कानांची भारी काळजी. जो तो बंदुकीच्या तोंडाला आवाज दाबणारा डबा बसवतो. लेम्पीनंही बसवला. आधीच मी लांब, त्यात तो डबा. मासे धरायची काठीच झाले म्हणा ना.

शिकारीच्या दिवशी टोळीचा कुत्रा भुंकला. मूस आला तो अगदी पुढ्यात. लेम्पीनं मला वळवलं आणि मी फांदीत अडकले. मूसनं आमच्याकडे निवांत बघितलं आणि तो निघून गेला.

त्या संध्याकाळी सॉनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीत, कोण किती हसलं ते तिथल्या वाफेला ठाऊक. ओइवा मात्र तोंडावर बोलला.

"वहिनी, पुढच्या वर्षी घरी थांबा. तुमचा मांसाचा वाटा मी आणून देत जाईन."

"भीक म्हणून?"

"मान म्हणून."

"मान उभ्या माणसाला देतात, भावोजी. बसवलेल्याला नाही. एक वर्ष द्या."

त्यानं दिलं. पण एकच.

घरी तिनं मला मेजावर आडवं ठेवलं. "रागावू नकोस," म्हणाली, "तौनो उघड्यावर उभा असायचा. मी झाडीत आहे." आणि बंदूकवाल्याकडून वीतभर कापून आणलं मला. तौनोचा हात फिरलेली नळी ती! मी पुष्कळ फणफणले. वेग थोडा गेला, आवाज वाढला. पण डब्यासकट मी तिच्या हातात लाटण्यासारखी फिरू लागले, हे कबूल करायलाच हवं.

गोळीही बदलली. हलकी गोळी जवळून लागली की फुटते, खांद्याचं सगळं मांस नासवते. तिनं जड घेतली, सावकाश जाणारी, न फुटता आत शिरणारी. जड गोळी फांद्या तोडत जाते, असं सांगणारे शहाणेही भेटले. खोटं आहे ते. काडी लागली की कुठलीही गोळी वाट सोडते. मोकळी फट दिसेपर्यंत थांबावं लागतं, आणि थांबणं काही दुकानात मिळत नाही. उन्हाळाभर खडीच्या खाणीत नेमाचा सराव करत आम्ही दोघी तेच शिकलो.

पानं पिवळी झाली. पुन्हा तीच जागा. मूस फांद्यांआड येऊन उभा राहिला. लेम्पीचा श्वास माझ्या दस्त्यावर येत होता. आता चुकली तर ही बाई कायमची घरी. तरी ती थांबली. मूसनं एक पाऊल टाकलं, खांदा उघडा पडला आणि बार झाला. थोडा चालून तो खाली बसला. लेम्पीनं हातमोजा काढून त्याच्या मानेवर हात ठेवला.

मांसाचे ढीग लागले. इथे एकजण ढिगांकडे पाठ करून उभा राहतो. दुसरा ढिगावर बोट ठेवून विचारतो, हा कुणाचा? पाठमोरा ज्याचं नाव घेईल, त्याचा. वशिला नको म्हणून. त्या दिवशी पाठ ओइवाची होती.

"हा कुणाचा?"

"वहिनींचा."

मग वळून त्यानं हळूच विचारलं, पुढच्या वर्षी दलदलीची जागा घ्याल का.

"नको," लेम्पी म्हणाली, "तिथे लांब नळी लागते."

आता मी लोखंडी कपाटात असते, तेल लावलेली, आखूड आणि सुखी. तुम्ही कधी माझ्यासारखी घ्यायला गेलात तर दुकानदाराला नळी विचारू नका. आपण उभं कुठे राहणार ते आधी बघा; नळी आणि गोळी तीच जागा सांगेल. चला, येते. लेम्पी किल्ली फिरवतेय.