नाचाची चटई आणि खालच्या घरचा दिवा

मित्रांनो, मी टीव्हीला जोडायची एक जुनी चटई आहे. खोक्यावर माझे नाव ‘डान्स मॅट’ असे मोठ्या अक्षरांत छापले होते, पण आमच्याकडे सगळे मला नाचाची चटईच म्हणतात. आता माझे रंग उडाले आहेत. एका कोपऱ्याला चिकटपट्टी लावली आहे, आणि उजवीकडचा बाण तर कधीच मुका झाला. तरीही मी अजून कामावर आहे. ते माझ्या गुणांमुळे नव्हे, एका आजीच्या मोठ्या मनामुळे. ती गोष्ट सांगताना मला फार अपराधी वाटते. चटईला मान नसते हे बरेच आहे, नाहीतर ती खालीच गेली असती.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. वर रंगीत प्लास्टिक, खाली घट्ट कापड आणि पोटात दोन पातळ पडदे. बाणावर पाय पडला की ते पडदे एकमेकांना भेटतात आणि वायरीतून टीव्हीला निरोप जातो. टीव्हीवर बाण वर सरकत येतो, तसाच माझ्यावरचा बाण वेळेवर दाबायचा. पाऊल बरोबर पडले तर चांदणी, चुकले तर लाल फुली. एवढाच माझा खेळ.

दोन हजार सालानंतरची ती वर्षे. कृष्णा नावाच्या गृहस्थांच्या मावसभावाने मला मस्कतहून आणले आणि मी नालासोपाऱ्याला, तुळिंजच्या एका इमारतीत, पहिल्या मजल्यावर राहायला आले. घरात कृष्णा, त्यांची पत्नी सुनंदा आणि चौथीतली मुलगी उन्नती. मला आणले होते उन्नतीसाठी, पण माझी खरी गरज निघाली सुनंदाला. तिला नुकतीच साखर निघाली होती. डॉक्टरांनी बजावले होते, रोज घाम गाळा, नाहीतर गोळ्या वाढतील. पण तुळिंजमध्ये चालायचे कुठे? रस्त्यावर रिक्षा, भाजीच्या गाड्या आणि पाण्याचे टँकर. पाय ठेवायला जागा नाही, तिथे भराभर चालणार कशी?

मग एका संध्याकाळी उन्नतीने आईला हाताला धरून माझ्यावर उभे केले. सुनंदा आधी लाजली. नंतर पदर खोचला आणि अशी काही नाचली की कृष्णा दारात डबा हातात घेऊन बघतच राहिले. पुढे तिघेही आळीपाळीने नाचू लागले. लाईट गेली की हिरमुसायचे, आली की पुन्हा सुरू. काही महिन्यांनी सुनंदाची साखर खाली आली. तिने तो रिपोर्ट देवापुढे ठेवला आणि माझ्यावरून ओला फडका फिरवला. त्या दिवशी मी फार फुशारले.

आमच्या बरोबर खाली, तळमजल्यावर, आत्माराम आजोबा आणि सत्यवती आजी राहायचे. आजोबा गिरणीतून निवृत्त झालेले. सुनंदा वसईला एका पतपेढीत नोकरीला होती, त्यामुळे शाळा सुटली की उन्नती थेट आजीकडे जायची. तिथेच जेवायची, अभ्यास करायची, आजोबांशी पत्ते खेळायची. जिन्यात सुनंदा भेटली की आजोबा मुद्दाम तिला चिडवायचे.

“काय गं सुनंदा, काल शेवटच्या गाण्यात गडबडलीस ना? अगं, तुझं एकेक पाऊल आमच्या छतावर वाजतं. तुझा ताल चुकला की माझा चहा सांडतो!”

मित्रांनो, आजोबांचे हे बोलणे लक्षात ठेवा. आम्हीही ठेवायला हवे होते.

एका भर पावसाळ्यात आत्माराम आजोबा अचानक गेले. पहिल्या दिवशी खालच्या घरी चूल पेटणार नव्हती. सुनंदाने पिठलंभात करून नेला, सगळ्यांना चहा दिला, आजीजवळ बसून राहिली. सगळ्या इमारतीने टीव्हीचे आवाज बंद केले. आपल्याकडे माणसाने जिथे प्राण सोडला तिथे पिठावर दिवा ठेवतात, आणि दहा दिवस तो विझू द्यायचा नसतो. आजी त्या दिव्याजवळच बसायची. वाऱ्याची झुळूक आली तरी दोन्ही हात आडवे धरायची.

मी इकडे सोफ्यामागे गुंडाळलेली होते. सुनंदा मनाने दुःखी होती, पण तिला साखरेचीही धास्ती होती. तिची आई त्याच दुखण्याने गेली होती. काही दिवस गेल्यावर उन्नती म्हणाली, “आई, टीव्हीचा आवाज एकदम बंद करून नाचूया का? गाणं नाही लावायचं. नुसते बाण बघायचे.”

सुनंदा थोडी घुटमळली. मग तिने खिडक्या लावल्या, पडदे ओढले, आवाज पार बंद केला आणि मला अंथरले. टीव्ही मुका झाला म्हणजे घर शांत झाले, असे तिला वाटले. बऱ्याच दिवसांनी अंगावर पावले पडली म्हणून मी खुशीत आले. ती खुशी मला आजही टोचते.

थोड्या वेळाने दारावर टकटक झाली. सुनंदाने घाम पुसत दार उघडले. दारात आजीचा मुलगा प्रणव उभा होता. त्याने आधी तिच्या खोचलेल्या पदराकडे पाहिले, मग माझ्याकडे.

“वहिनी, जरा थांबाल का?” तो हळूच म्हणाला. “वरचा पोपडा पडला. ओल आहे ना छताला. दिव्यावरच पडला. दिवा गेला.”

एवढेच बोलून तो खाली गेला. तो ओरडला असता तर बरे झाले असते. सुनंदा दाराला धरून तशीच उभी राहिली. मागे टीव्हीवर बाण येत होते, जात होते, आणि एकामागून एक लाल फुल्या पडत होत्या. पाय तिचे होते, पण आपटले होते माझ्यावर. मी चटई आहे, जमीन नाही. माझ्या खाली कोणाचे तरी छत होते.

त्याच क्षणी सुनंदाने खाली जायला हवे होते. ती गेली नाही. कोणत्या तोंडाने जाऊ, असे म्हणत राहिली. तेराव्याला तिने कृष्णांना एकट्यालाच पाठवले. उन्नतीच्या गळ्यात घराची किल्ली अडकवली आणि बजावले, “आजीला त्रास द्यायचा नाही आता. सरळ वर यायचं.” ती स्वतः तळमजल्यावरून जाताना चपला हातात घ्यायची. खुर्च्यांच्या पायांना तिने चिंध्या बांधल्या. कृष्णा म्हणायचे, “अगं, जा ना एकदा. सत्यवतीमावशी काय खाणार आहेत तुला?” त्यावर ती डोळ्यांत पाणी आणून स्वयंपाकघरात जायची.

मला तिने चार घड्या घालून माळ्यावर टाकले, गणपतीच्या मखराशेजारी. माझ्यावर कुकरचे जुने खोके ठेवले. एका घडीत माझी वायर तुटली आणि उजवा बाण मुका झाला. मला वाईट वाटले, पण तक्रार करायला जागा नव्हती. माळ्याखाली घरात सुनंदाच्या गोळ्या वाढल्या होत्या. तिच्या पावलांत आता काही जीव नव्हता.

दिवाळी आली. ज्या घरात माणूस गेलेले असते तिथे त्या वर्षी कढई चढत नाही, शेजारीपाजारी फराळ नेऊन देतात. सुनंदाने पहिले ताट आजीसाठीच भरले. चकल्या, करंज्या, आजोबांना आवडायचे ते बेसनाचे लाडू. वर रुमाल झाकला. पण ताट टेबलावरच राहिले. सकाळ गेली, दुपार गेली. ती दारापर्यंत जायची आणि परत यायची.

संध्याकाळी जिन्यात हळूहळू पावले वाजली. दुखरा गुडघा सांभाळत सत्यवती आजी स्वतः वर आली आणि दारातच उभी राहिली.

“सगळ्या इमारतीचा फराळ आला. माझ्या वरच्या घरचा कुठाय?”

सुनंदाने ताटावरचा रुमाल काढला आणि ती रडायलाच लागली. “मावशी, चुकलं माझं. काकांनी सांगितलं होतं मला, पावलं खाली वाजतात म्हणून. तरी मी... तुमचा दिवा...”

“राग आला होता,” आजी खाली बसत म्हणाली. “खूप आला होता. खोटं कशाला बोलू? अजून थोडा आहे. पण दिवा मी लगेच लावला गं. काडेपेटी हाताशीच होती. हे गेले ते देवाने नेले. उन्नतीला मात्र तू नेलंस. रोज ती माझ्या दारावरून वर पळते, मी आतून ऐकते. त्याला कुठली काडी लावू?”

सुनंदाने आजीच्या मांडीवर डोके ठेवले. उन्नती कोपऱ्यातून आली आणि आजीला बिलगली.

मग आजीनेच विचारले, “तुझी साखर कशी आहे?”

“वाढलीय.”

“वाढणारच. ती चटई कुठाय?”

“टाकली माळ्यावर. आता नाही काढणार, मावशी.”

“काढ. पण वर नको. माझ्याकडे आण. माझ्या घराखाली कोणी राहत नाही, नुसती जमीन आहे. तिथे काय नाचायचं ते नाचा.”

त्याच आठवड्यात मी तळमजल्यावर आले, ती आजही तिथेच आहे. टीव्हीच्या वर आत्माराम आजोबांची तसबीर आहे. छताचा तो पोपडा कोणी नीट केलेला नाही. दिवा होता त्या जागेच्या वरच तो खड्डा आहे, आणि मी अंथरली गेले की तो मला सरळ दिसतो.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूला घड्या घालू नका, सैल गुंडाळून ठेवा. घड्यांनी आतल्या आत काहीतरी तुटते. आणि तुमच्या हातून कोणी दुखावले गेले, तर ती चूक माळ्यावर टाकून देऊ नका. त्याच दिवशी जिना उतरा. तोंड दाखवायला लाज वाटली तरी उतरा.

सत्यवती आजीही आता पदर खोचून माझ्यावर उभी राहते. उडी मारत नाही, नुसती पावले टाकते. उजव्या बाणावर तिचे पाऊल अगदी वेळेवर पडते, पण मला निरोप पोचवता येत नाही. टीव्हीवर लाल फुली येते.

“बरोबर पडला ना गं पाय?” ती विचारते.

“बरोबर पडला, आजी. चटईच चुकते,” उन्नती सांगते.

“असू दे,” आजी म्हणते, आणि पुन्हा त्याच बाणावर पाय ठेवते.