अक्षरशत्रू

"जाळली? बाबा, पोस्टरं जाळली तुम्ही?"

"मग काय करणार? वाऱ्यानं भिंतीवरून सगळी खाली आली होती. माणसं खुशाल तुडवत चालली होती," म्याओ देलू म्हणाला. आपलं काही चुकलंय हे त्याच्या गावीही नव्हतं.

"त्यांच्यावर अध्यक्षांचं नाव होतं."

"मला कुठं वाचता येतंय, पोरी?"

तसा तो अक्षरशत्रूच. पण अक्षराला त्यानं जन्मात कधी कुणाचा पाय लागू दिला नव्हता. बादशहाच्या काळापासून त्याचं हेच काम. वाटेवरचा लिहिलेला कागद वेचायचा, देवळामागच्या भट्टीत जाळायचा, राख नदीत सोडायची. बादशहा गेला, पुढं क्रांती झाली, देऊळ बंद पडलं आणि त्याच्या हाती रस्ता झाडायचा खराटा आला. हाताची सवय तेवढी जाईना. तीच आता लेकीच्या मुळावर आली होती.

शूफन शाळेत शिकवायची. समितीची माणसं तिला बजावून गेली होती, उद्या बापाला गुन्हेगार ठरवायची सभा आहे, तिथं सगळ्यांपुढं त्याच्याशी नातं तोड, नाहीतर त्याच्या शेजारी उभी राहा. उभी राहिली तर नोकरी जाणार, वर तान्ह्या पोरालाही जन्मभर डाग.

"मी राहते उभी," ती म्हणाली.

"मोठी शहाणी! आणि पोराला कोण पाजणार, मी? चल, म्हणून दाखव."

"हा माणूस माझा बाप नाही."

"तोंडातल्या तोंडात नको. मागच्यांना ऐकू गेलं पाहिजे. वर्गात बोलतेस तसं म्हण."

तिनं पुन्हा म्हटलं, मग पुन्हा. शेवटी तिला रडू येईनासं झालं, तेव्हा म्हाताराच म्हणाला, पुरे.

सभेत तिनं ते खणखणीत म्हटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गळ्यात पाटी अडकवून गुडघ्यांवर बसवलेल्या देलूला वाटलं, छान म्हणाली पोर. मग त्याला जगावंसंच वाटेना.

त्याला घर सोडावं लागलं. थंडी पडली तेव्हा तो शाळेचा रस्ता झाडत होता. शूफन पाठीला मूल बांधून समोरून आली. रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं, तरी 'बाबा' म्हणायचा तिला धीर झाला नाही.

त्यानं खराटा थांबवला.

"जरा थांबा, बाई," तो म्हणाला. "धूळ खाली बसू द्या. लेकराच्या नाकात जाईल."

ती थांबली. धूळ बसेपर्यंत दोघं समोरासमोर उभी होती. मग ती गेली.