यादीत न बसलेलं पोर

खरं सांगते, माजं चुकलं कुठं ते मला अजून कळंना.

पाटोद्यापसून आठ किलोमीटरवर आमचं गाव. मी मंगल, गावातल्या बायांच्या गटाची अध्यक्ष. औंदा पुण्याची एक संस्था आमच्या गटाला पैसे द्यायला तयार झाली. कशाला? तर पोरं कोयते घिऊन मिरवत्यात, मोबाईलवर 'ह्यांचा बदला घ्या, त्यांना तोडा' असले व्हिडिओ बघत्यात. त्यातनं त्यांना मागं वडायचं. व्हॉलीबॉलचं मैदान, अभ्यासिका, आन आठवड्यातनं एकदा पोरांशी बोलायला जाणतं माणूस. अट एकच. जी पोरं त्या वाटेला लागायची भीती हाय, अशा वीस जणांची नावं गटानं द्यायची.

आता आमच्याकडं यादी म्हनलं की लोकांना एकच कळतं. घरकुलाची यादी, शिलाई मशीनची यादी. नाव लागलं तर नशीब, न्हाई लागलं तर यादी करणारीला शिव्या. सकाळी दार उघडलं तर बाया आधारची झेरॉक्स घिऊन हुभ्या!

जगदेवी म्हनली, "मंगलताई, माज्या रुद्रेशचं आदी लिव. लई धोक्याचा हाय त्यो."

"अगं, त्यो कुत्र्याला बी हाड म्हनत न्हाई!"

"परवा ताट आपटलं की त्यानं!"

सावित्रीबाईचं पोर तर ताट बी आपटत न्हाई. ती रडायलाच लागली, "गरीब हाय म्हनून त्याला वगळता व्हय?" हसावं का रडावं! मी लिवत गेले. दुपारपतुर वीस भरली.

माज्या पोराचं, अजिनाथचं नाव मी लिवलं न्हाई.

पोळ्यापसून त्यो कोयतेवाल्या पोरांच्या टोळीत, 'वाघ ग्रुपात' जात हुता, हे सगळ्या गावाला ठाव. ज्या कोयत्यानं आमी नवराबायकोनं दहा हंगाम ऊस तोडला, त्योच कोयता हातात धरून त्यानं फोटो टाकलता. पाटोद्याच्या बाजारात एका दुकानाच्या काचा फोडल्या, त्या गर्दीत बी हुता. तरी लिवलं न्हाई. कावून? तर वाढणारीनं आपलं ताट शेवटी वाढायचं, ही आमच्यातली रीत. मी सोताचं पोर घातलं असतं तर गाव म्हनलं असतं, मंगलनं योजना खाल्ली. आन बिघडल्या पोराची आई म्हनून सही करायची लाज बी वाटली. दोन्हीतलं जास्त कोणतं, ते इचारू नका, मलाच सांगता यायचं न्हाई.

पंधरा दिवसांनी संस्थेच्या राजनंदिनीताई आल्या. समाजमंदिरात वीसच्या वीस पोरं तेल लावून, भांग पाडून बसली. ताई एकेकाशी बोलल्या आन मग मला म्हनल्या, "मंगलताई, ही सगळी गुणी पोरं आहेत हो. ज्याच्यासाठी हे पैसे आहेत, तो कुठंय?"

बायांनी पदर सावरले आन माना खाली घातल्या. माजाच आब राखत हुत्या बिचाऱ्या.

तेवढ्यात दारातनं अजिनाथच बोलला, "आई, माजं नाव कावून न्हाई?"

मी म्हनले, "अरं, लोक काय म्हनतील..."

"मी आलो असतो की." त्याचा आवाज चिरकला. "ग्रुपवाल्यांनी तर पयलं नाव माजंच लिवलंय. कुणाला इचारलं बी न्हाई."

भाईर मोटरसायकलवर त्याचा ग्रुपातला दोस्त हॉर्न वाजवत हुता. अजिनाथ जाऊन मागं बसला. मी अनवाणीच पळाले आन त्याचा दंड धरला. अध्यक्ष, रीत, आब, सगळं गेलं खड्ड्यात!

"माजं पोर बिघडलंय!" सगळ्या गावादेखत वरडले. "ऐका समदे, माजंच बिघडलंय! माज्या एकटीच्यानं व्हईना, धरा गं ह्याला कुणीतरी!"

बाया भाईर आल्या. जगदेवीनं हँडल धरलं. सावित्रीबाईनं गाडीची चावीच काढली, त्यो दोस्त बघतच राह्यला.

"सोड आई," अजिनाथ मान खाली घालून म्हनला. पण हात काय त्यानं झटकला न्हाई. उतरला बी न्हाई.

मी बी सोडला न्हाई.