रांगेची चप्पल

लोकसेवा हे एक व्रत आहे. ते वर्षभर पाळायचं असतं आणि मार्चअखेरीस त्यावर शेरा मिळतो: साधारण, चांगला किंवा उत्कृष्ट.

शबनूर शिकलगारांना आजवर ‘चांगला’ मिळत आला होता. पौडमधल्या एका सरकारी कचेरीत त्या वरिष्ठ लिपिक होत्या. कचेरी कोणती ते सोडा, दाखले द्यायची एवढं पुरे. नोकरीत त्यांची प्रगती झालीच नाही असं म्हणता येणार नाही. दाराजवळच्या टेबलावरून त्या खिडकीजवळच्या टेबलापर्यंत आल्या होत्या. यंदा मात्र वरचं पद मिळेल अशी हवा होती, आणि ते ‘उत्कृष्ट’वाल्यालाच जाणार यावर कचेरीचं एकमत होतं. दुसरा उमेदवार अभय. फायलीची नाडी कशी बांधायची हे त्याला शबनूरनीच शिकवलेलं. तो वर गेला, तर निवृत्तीपर्यंत त्याला ‘सर’ म्हणावं लागणार होतं. हा विचार आला की त्यांचा चहा गार व्हायचा.

अडचण वार्षिक अहवालातल्या एका रकान्याची होती: ‘वर्षभरात राबवलेला नवोपक्रम’. अभयनं भिंतीवर क्यूआर कोड चिकटवला होता. तो कुणी स्कॅन करत नव्हतं, कारण भिंतीपाशी रेंज नव्हती. पण फोटोत झकास दिसायचा. शबनूर रिकाम्या रकान्याकडे बघून बघून थकल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

बाहेर रांग होती. माणसांची नव्हे, चपलांची. रिहे खोऱ्यातून, पार धरणापलीकडून येणारे लोक घरून एक जुनी, टाकायच्या लायकीची चप्पल पिशवीत घालून आणायचे, नंबरावर ठेवायचे आणि चिंचेखाली जाऊन बसायचे. तिला ‘रांगेची चप्पल’च म्हणत. शबनूरनी पेन उचललं आणि लिहिलं, ‘नागरिककेंद्री अनुपस्थित रांग व्यवस्थापन प्रणाली’.

वरून निरोप आला: नाव प्रभावी आहे, साहेब प्रत्यक्ष पाहायला येतील.

साहेब यायच्या दिवशी शबनूर कचेरीत आल्या, तर दारापुढची फरशी आरशासारखी लखलखत होती. चप्पल एकही नाही.

“कैलास! बाहेरच्या चपला कुठायत?”

शिपाई कैलास अभिमानानं म्हणाला, “घंटागाडीत दिल्या, मॅडम. साहेब येनार ना! ती घाण बघून काय म्हनले आस्ते?”

“अरे, ती घाण बघायलाच येतायत ते!”

अभयनं मान खाली घातली. हसू लपवायला असावं.

तेवढ्यात कैलासचा फोन वाजला. साहेबांचा ड्रायव्हर सोमनाथ त्याच्या गावचा. “भूगावच्या ट्रॅफिकमधून सुटलेत,” कैलासनं जाहीर केलं.

शबनूर बाहेर धावल्या. चपला कचऱ्यात गेल्याचं कळून लोक स्वतःच रांगेत येऊन उभे राहिले होते, आणि भयंकर चिडलेले होते.

“सगळ्यांनी पायातल्या चपला काढून ठेवा आणि सावलीत बसा,” शबनूर म्हणाल्या.

“ह्या बी गाडीत घालता का काय?” मागून कुणीतरी ओरडलं.

सगळ्यांत पुढे रिह्याच्या इंदूबाई होत्या. “मी सोता हितं उबी हाय. मंग चप्पल कशाला ठिवू?”

“मावशी, तुमचा नंबर जाणार नाही. माझी जबाबदारी.”

“आन् पाय भाजले तर ती कुनाची? ऊन बघा की वाईच.”

“पिरंगुट सोडलं!” कैलास दारातून ओरडला.

शबनूरनी हात जोडले. “मावशी, पाया पडते तुमच्या.”

“पाया पडू नका. आदी तुमची काडा.”

शबनूरनी पायातल्या सॅंडल काढल्या आणि रांगेत ठेवल्या. फरशी तव्यासारखी तापली होती. इंदूबाईंनी त्यांचं तोंड नीट न्याहाळलं, मग आपल्या चपला काढून त्या सॅंडलच्या पुढे सरकवल्या. “माज्या म्होरं न्हाई हां,” त्या म्हणाल्या. त्यांचं बघून बाकीच्यांनीही काढल्या. लोक टाचा उचलत, शिव्या देत चिंचेखाली पळाले, आणि फाटकातून गाडी आत आली.

साहेब उतरले. चपलांची शिस्तबद्ध ओळ पाहिली. आत सत्यनारायण आहे असं वाटून त्यांनी बूट काढले आणि ओळीच्या शेवटी नीट ठेवले.

“आता नंबर लागला तुमचा,” चिंचेखालून इंदूबाई म्हणाल्या. “लई मागं हाय पन.”

शबनूरनी घाईघाईनं प्रणाली समजावली. साहेब मान डोलावत ऐकत होते. मग, शबनूरना ज्याची धास्ती होती तेच झालं; ते चिंचेकडे वळले. “मावशी, या नव्या उपक्रमाचा फायदा झाला का?”

“नवा कुटला? माजी सासू बी ठिवायची की हितं चप्पल. तवा ह्या बाई जल्मल्या बी नसतील.”

अभयनं हळूच मोबाइल काढून क्यूआर कोडचा फोटो तयार ठेवला. शबनूर अनवाणी उभ्या होत्या, आणि पाय भाजतायत हे त्यांच्या लक्षातही नव्हतं.

साहेबांनी डोळे मिटले. “म्हणजे पारंपरिक ज्ञान,” ते शेवटी म्हणाले. “आणि लोकसहभाग. दोन्ही! शिकलगार मॅडम, हे तुम्ही अहवालात लिहिलंच नाहीत? केवढा हा विनय!”

अभयनं मोबाइल खिशात टाकला. साहेबांनी गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून जागीच शेरा लिहिला. ‘उत्कृष्ट’ हा शब्द शबनूरनी उलट्या बाजूनंही वाचला.

पदोन्नती समितीची बैठक जूनमध्ये झाली. जिल्ह्यात वरचं पद रिकामं नव्हतं.