दोऱ्याखाली उतरलेली ब्रँडी

मी ब्रँडीची बाटली बोलतेय. नाक मुरडू नका. माझ्यापायी कुणी झिंगून पडलं नाही, पण एक घर मात्र मोडलं.

एक होता लेथवर काम करणारा कारागीर, एक होती त्याची बायको, आणि त्यांच्या पोटी एकच मुलगा. चौथी मी, पण मला माणसांत कोण धरतंय? कारागीर निवृत्त झाला तेव्हा कारखान्यातल्या सोबत्यांनी मला त्याच्या हातात ठेवलं. सुट्टीच्या दिवशी जेवणाआधी तो माझ्यातली घोटभर घ्यायचा आणि बायकोला म्हणायचा, औषध आहे. ती म्हणायची, मग चमच्यानं घ्या की.

मी अर्ध्यावर आले आणि एका दुपारी जरा आडवा होतो म्हणून पडलेला कारागीर उठलाच नाही.

मुलगा तेव्हा दारूच्या पार आहारी गेलेला. बापाला पोचवून आला, आईसमोर जमिनीवर बसला आणि म्हणाला, "तुझी शपथ, आई. आजपासून थेंब नाही." आणि त्यानं ती पाळली. मी साक्षीला आहे. माझ्या कपाटासमोरून जाताना तो मान वळवून जायचा.

आईनं मला खिडकीजवळच्या काचेच्या कपाटात उभं केलं. आत ब्रँडी जिथवर होती, तिथं बाहेरून निळा दोरा बांधला. शेजारच्या शिवणवालीला दाखवायची, हे इथवर आले होते बघ. तो दोरा पहाऱ्याचा नव्हता हो, आठवणीचा होता.

आता माझ्या पोटातलं सांगते. ब्रँडी दुधासारखी नासत नाही की उरल्या भाजीसारखी आंबत नाही. पण एकदा उघडली की तिचं दिवस मोजणं सुरू होतं. माझं बूच उभ्या उभ्या वाळलं, आक्रसलं. दुपारचं ऊन काचेतून माझ्या अंगावर यायचं. बुचाच्या फटीतून मी हळूहळू उडून जात होते. कुणाला दिसलं नाही, मला थांबवता आलं नाही.

एक दिवस कपाट पुसताना आईला दिसलं, ब्रँडी दोऱ्याच्या बोटभर खाली.

ती मुलाच्या धुवायच्या शर्टाची कॉलर हुंगू लागली. त्याच्या खाटेखाली वाकून बघू लागली. शिवणवालीनं सुई दातांत धरून भर घातली, की बाटलीला काही पाय फुटत नाहीत, बाई. शेवटी एकदा मुलगा ताटावर बसलेला असताना आईनं विचारलंच. माझ्या शपथेची एवढीच किंमत का रे?

मुलाचा घास हातात राहिला. "खोटी शपथ घेतली असती," तो म्हणाला, "तर तू अशी धडधाकट उभी असतीस का?"

दोरीवरचे ओले शर्ट तसेच पिशवीत कोंबून तो निघाला. लग्न ठरलं तेव्हा सांगायला आला होता. ती दार अडवून म्हणाली, आधी खरं बोल, मग येते. तो उलट पावली गेला.

पुढं वर्षं गेली. मी आणखी दोन बोटं उतरले. आईनं पाहिलं आणि आधी शिवणवालीवर डोळे वटारले. पण तिला तर वासानंही मळमळायचं. मग आईनं नवा दोरा बांधला, कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली उशाखाली ठेवली. उन्हाळा सरल्यावर उघडून बघते, तर ब्रँडी त्या दोऱ्याच्याही खाली. घरात ती एकटी. कपाटाचं दार धरूनच ती खाली बसली.

दुसऱ्या दिवशी मला टॉवेलात गुंडाळून, पत्ता विचारत विचारत ती मुलाच्या गॅरेजात पोचली. पान्यांच्या गर्दीत मला उभं केलं.

"घरात मी एकटीच होते रे. कुलूप माझं, किल्ली माझी. तरी उतरली."

तो किती वेळ फडक्याला हात पुसत राहिला. हात केव्हाच कोरडे झाले होते.

"मग आता काय करू, आई?" तो म्हणाला. "हसू?"

ती माझ्याकडे बोट करून एवढंच म्हणाली, "ओतून टाक."

"बाबांची आहे."

"ते यात नाहीत."

त्यानं बूच ओढलं, त्याचा भुगा झाला. ज्या वासाला तो इतकी वर्षं घाबरला, तो वास उरलाच नव्हता. ओल्या लाकडासारखं काहीतरी येत होतं, तेवढंच. मोरीत मला ओतताना त्याचे खांदे हलत होते. आईनं पाठीवर हात ठेवला. त्यानं तो झटकला नाही.

तेव्हापासून मी इथंच आहे, गॅरेजच्या खिडकीत, रिकामी. माझं दुःख ब्रँडीचं नाही. त्या मायलेकरांची वर्षं माझ्या डोळ्यांदेखत वाया गेली आणि मला तोंड असून बोलता आलं नाही. तुम्हांला बोलता येतं. घरातल्या माणसावर आळ घेण्याआधी एकदा त्याच्याजवळ बसा.

मुलाचं घर गॅरेजच्या वरच आहे. आईचं सामान कालच वर चढवलं. सुनेनं खिडकीकडची खाट तिला दिली. वरून बोलणं ऐकू येतं. नात सारखी विचारतेय, "आजी, तू उद्यापण आहेस ना?"

आणि म्हातारी म्हणते, "आता कुठं जाते, बाई."